बोर्डाच्या दिवशी

"दाढी नक्को बनाओ, अम्मा. बोर्ड के दिन आदमी बीमार दिखना."

अप्पारावचं हे बोलणं त्या सकाळी माझ्या डोक्यात अडकून बसलं होतं, दाताच्या फटीत सुपारी अडकावी तसं. जीभ पुन:पुन्हा तिथंच जाते. माझ्या नवऱ्याच्या, धम्मानंदांच्या गालाला साबण लावून झाला होता, रेझर माझ्या हातात होता, ते खुर्चीवर मान वर करून लहान मुलासारखे डोळे मिटून बसले होते, आणि मी उभी. अप्पाराव म्हणजे त्या सरकारी कार्यालयातला अटेंडर. डोक्याला मार लागलेल्या माणसांना तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड महिन्यातून एकदा बसतं, त्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसणारा. तारीख विचारायला गेले होते तेव्हा त्यानं हे मला सांगितलं, अगदी हळू आवाजात, आणि पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर मला कळलं असतं हा कोण आहे ते. फुकट सल्ला देणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. घरी येईपर्यंत बसमध्ये मी तेच घोळवत राहिले. यात त्याचा काय फायदा? बोर्डानंच तर त्याला सांगून ठेवलं नसेल, बघू कोण दाढी वाढवून आणतं, त्याचं नाव आधी खोडायचं?

पहाटे उठून आंघोळ, मग त्रिसरण, पंचशील, मगच चहा, हे माझं लग्नाआधीपासूनचं. पौर्णिमेला अष्टशील. कुणाला सांगत नाही, सांगण्यासारखं त्यात काही नाही. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणताना माझा आवाज आपोआप खाली जातो, कारण बाकीची चार पाळणं तसं सोपं आहे. मी कुणाला मारत नाही, कुणाचं घेत नाही. पण खोटं बोलणं कुठून सुरू होतं ते दिसत नाही. दाढी न करणं म्हणजे बोलणं आहे का? तसं पाहिलं तर नाही. तोंडातून शब्दच निघत नाही. पण जो गाल मी रोज स्वच्छ करते तो नेमका आजच तसाच सोडला, तर तो गालच माझ्या वतीनं खोटं बोलेल. मी रेझर पाण्यात बुडवला. धम्मानंदांनी डोळे उघडले आणि समोरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"कुठं चाललोय आपण?"

"तपासणीला. काल सांगितलं होतं."

"मला वेडा ठरवायला नेतीस ना गं?" ते हसत म्हणाले. हसत म्हणाले हेच वाईट. रागानं म्हणाले असते तर मी म्हटलं असतं, डोक्याच्या माराचा राग आहे. पण ते हसू आधीचं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं, मला चिडवतानाचं. ते त्यांच्याकडे अजून शाबूत आहे आणि ते कधी वापरायचं हेही त्यांना कळतं, असं मनात आलं आणि माझा हात थांबला.

हाच तर माझा रोग आहे. आजारी ते आहेत, पण संशय मला जडलाय. विद्यानगरच्या पुलाखाली त्यांची स्कूटर घसरली तेव्हा हे बसस्टँडवर कंट्रोलर होते. आवाज असा की नांदेडची गाडी लागली म्हणून सांगितलं तर झोपलेली माणसं उठून बसायची. तेलुगू, उर्दू, मराठी, समोरचा जो बोलेल ते. सरकारी कार्डावर ऑपरेशन झालं, फुकट झालं, चांगलं झालं; मी त्या डॉक्टरांना रोज मनातल्या मनात मैत्री, भलं व्हावं अशी भावना, पाठवते. टाके निघाले, पेशंट चालतो, बोलतो, जेवतो, असं लिहून त्यांनी घरी पाठवलं. आणि खरंच ते चालत होते, बोलत होते, जेवत होते. फक्त एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत जायचा जो जिना असतो माणसाच्या आत, तो निखळला होता. गॅस लावून पातेलं ठेवायचं राहून जायचं. शर्टाची दोन बटणं लावून तिसऱ्याशी थांबायचे, आणि मी "लावा की" म्हणेपर्यंत तसेच बोट धरून बसायचे. आंघोळीला गेले की पाणी वाहत राहायचं आणि हे कोरडेच उभे. पण दारावर कुणी आलं की, "अरे या या, भाई, बैठो, क्या लेंगे?" इतकं खणखणीत, इतकं गोड, की येणारा माणूस माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायचा. सासूबाई देगलूरहून रोज फोन करतात. त्या, चतुराबाई, गावात नावाजलेल्या, त्यांच्यापुढं सरपंच खुर्ची सोडतो. "माझ्याशी तर चांगला बोलतो की गं. पाऊस विचारला, म्हशीचं विचारलं, सगळं आठवतंय त्याला. तुझंच काहीतरी बिनसलंय. त्याला पडून राहायची सवय लावू नको." मी 'हो आत्याबाई' म्हणून फोन ठेवते. आणि मग बघते तर हे माझ्याकडे फोन देऊन तिथंच, त्याच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. कारण फोन संपल्यावर काय करायचं ते फोनमध्ये कुणी सांगितलेलं नसतं.

मग दुपारी शाळेत, मी विद्यानगरला एका शाळेत प्रयोगशाळेत काम करते, परीक्षानळ्या धुताना माझ्या मनात नको ते यायचं. की हे आईपुढं नीट असतात, शेजाऱ्यांपुढं नीट असतात, मग माझ्यापुढंच का असे? मला छळायला? एवढी वर्षं ड्युटी केली, आता बसून खायचं ठरवलंय का? विचार आला की मी नळ मोठा सोडायची, जणू त्या आवाजात तो बुडेल. मुलींना वाटायचं ताई किती मन लावून धुतात. शाळेत जाताना मी बरकतपुऱ्याच्या आमच्या खोलीला बाहेरून कडी लावत होते. दुसरा इलाज नव्हता. मुलगी पिंकी कॉलेजला, आणि गॅसचा दोनदा वास आलेला. एकदा परत आले तर हे आतून दाराला कान लावून बसलेले, अंगात खाकी शर्ट. "ड्युटीला निघालो होतो," म्हणाले, "दार उघडेना. साहेबाला कळव." मी कळवते म्हणाले. ते खोटं होतं, आणि त्या संध्याकाळी पंचशील म्हणताना मी चौथ्यापाशी फार वेळ थांबले. पिंकी मागून म्हणाली, "मम्मी, अटकली का तू? नेटवर्क नाहीये का?"

तिचे हे जोक चालायचेच. मराठी वाचायला दिलं तर अक्षर अक्षर लावत बसते, पण टोमणा मारायला तिला तीन भाषा पुरतात. तिच्यामुळेच त्या केंद्राचं कळलं. विद्यानगरला, माझ्या शाळेमागच्या गल्लीत, सरकारनं डोक्याला मार लागलेल्या लोकांसाठी दिवसभराचं केंद्र काढलं होतं. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. तिथं म्हणे स्वयंपाकघर आहे, दुकान मांडलंय, खोटे पैसे देऊन खरी भाजी घ्यायला शिकवतात. एक गोष्ट झाली की पुढची कोणती ते भिंतीवर चित्रांनी लावलेलं असतं. मी बाहेरूनच पाहून आले. एक बाई चपाती लाटत होती आणि प्रत्येक चपातीनंतर चित्राकडे बघत होती. मला रडू आलं. मला ती जागा हवी होती. शील पाळणाऱ्या बाईनं इतकं हवं म्हणू नये, पण मला हवी होती. ती मिळाली तर कडी सुटणार होती. नाही मिळाली तर शाळेतली नोकरी सोडायची, नाहीतर या माणसाला असंच कोंडत राहायचं, त्याच्या म्हातारपणापर्यंत.

पण तिथं जायचा रस्ता सरळ नव्हता. आरोग्य खातं म्हणालं, जखम बरी झाली, पुढचं आमचं नाही, अपंग कल्याणकडे जा. अपंग कल्याणवाल्यांनी यांचे हात वर करून घेतले, पाय वाकवून घेतले आणि म्हणाले, सगळं तर चालतंय, आरोग्याकडे जा. डेपो म्हणाला, फिट आहे असं लिहून आणा, नाहीतर फिट नाही असं तरी लिहून आणा, मधलं चालणार नाही. आणि हे सगळं आयुष्यच मधलं. तेव्हा योगिनी मॅडम आल्या. खात्याखात्यांना जोडायला सरकारनं नेमलेल्या समन्वयक. पुण्याच्या, नवरा इथं हायटेक सिटीकडे कंपनीत. खादीचा कुर्ता, स्वच्छ मराठी, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय. गावाचं नाव सांगितलं की आडनाव विचारतात, आडनाव सांगितलं की गप्प होतात. मी म्हटलं, देगलूरकडच्या. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे त्यांचं लक्ष गेलं, बुद्धमूर्तीपुढच्या फुलांकडे गेलं, आणि त्या गप्प झाल्या नाहीत, "फुलं रोज ताजी आणता?" म्हणाल्या. त्यानंही मला बरं वाटलं नाही. मऊ बोलणाऱ्यांना मी जास्त भिते, कारण मी स्वतः मऊ बोलते आणि आत काय चाललेलं असतं ते मला ठाऊक आहे.

"बोर्ड मार्चमध्येच करून घेऊ," त्या म्हणाल्या होत्या. "एप्रिलवर नको."

एवढी घाई का, मी मनात म्हटलं. ते मी तेव्हा विचारलं नाही.

तर दाढी केली. भांग पाडला. पांढरा शर्ट घातला, तोच मिळाला धुतलेला. अफझलगंजच्या पुढं उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं, मुसी नदीवरून वास येत होता, आणि धम्मानंद फुटपाथवरून माझ्या पुढं चालत होते, ताठ, जणू त्यांनाच मला दाखवायला न्यायचंय. अप्पारावनं स्टुलावरून आम्हाला पाहिलं. आधी त्यांना, मग मला. आणि कपाळावर हात मारून घेतला.

आत तीन डॉक्टर होते, आणि मागं भिंतीशी योगिनी मॅडम. पंख्याचा आवाज होता. धम्मानंदांनी आत जाताजाताच हात जोडले. "नमस्कारमंडी, बागुन्नारा सार?" तेलुगूत, कसे आहात म्हणून विचारलेलं ऐकून मधल्या डॉक्टरांचा चेहरा खुलला. नाव विचारलं, सांगितलं. कुठं काम करता, सांगितलं, आणि वर, "सार, आपका गाँव कौनसा? कौनसी गाडी लगती, मैं बोलता," असं म्हणून डॉक्टरांच्या गावाची गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागते तेही सांगितलं. सगळे हसले. मीही हसले, खुर्चीच्या कडेला बसून. मग त्या डॉक्टरांनी विचारलं, घरी दिवसभर काय करता? आणि हे म्हणाले, वंदना घेतो. कोणती? म्हणून दाखवा. मला आधी कळलंच नाही काय होतंय. धम्मानंदांनी डोळे मिटले, हात जोडले आणि त्या सरकारी खोलीत, तुटक्या टेबलासमोर, सगळी वंदना सुरुवातीपासून म्हणायला लागले. बुद्धाचे गुण, धम्माचे गुण, संघाचे गुण, कुठं अडले नाहीत, कुठं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं नाही, तोच बसस्टँडवरचा आवाज, पण खाली आणलेला. कडेच्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आणि मी? त्या क्षणी मला केंद्र आठवलं नाही, कडी आठवली नाही. माझ्या घरातलं हे आहे, हे इथं या लोकांनी ऐकलं, एवढंच. छाती भरून आली. रोज पहाटे आम्ही दोघं जे म्हणतो ते.

"मेमरी बहुत अच्छी है," डॉक्टर म्हणाले. मग सहज विचारलं, आज सकाळी काय खाल्लं? बाहेर पडताना गॅस कोणी बंद केला? परवा कोण आलं होतं? यांनी प्रत्येक वेळी थोडं थांबून, हसून, बरोबर सांगितलं. उपमा. हिनं. घरमालक. तपासणी संपली.

बाहेर आलो तर अप्पाराव म्हणाला, "बोला था ना मैं. आप तो दूल्हा बनाके लाए, अम्मा." आणि धम्मानंद त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दूल्हाच है भाई, पुराना है तो क्या हुआ." दोघं खूप हसले. मला मात्र खोलीतून आलेलं उत्तर योगिनी मॅडमनी जिन्यापाशी सांगितलं. केंद्रासाठी पात्र नाही. सौम्य. वाटलं तर फिजिओथेरपी. हात-पाय तर त्यांचे धडधाकट आहेत, ती कशाला, मी म्हटलं. माझा आवाज इतका हळू होता की त्यांना पुढं वाकावं लागलं.

परतीच्या बसमध्ये धम्मानंद खिडकीशी बसले. खूप थकलेले दिसत होते. बाहेरच्यांशी नीट वागून आल्यावर ते असे होतात, पण ते कुणी बघत नाही, ते फक्त मला दिसतं. मग म्हणाले, "पास झालो ना?"

"झालात," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

"मग आता कडी लावू नको."

मी खिडकीबाहेर बघितलं. मला वाटत होतं की त्यांना कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं, आणि आज ते त्यासाठीच गेले होते. मी जागा मिळवायला नेत होते आणि ते सुटून दाखवायला येत होते. एकाच बाकावर बसून आम्ही दोघं दोन वेगळ्या खटल्यांना जाऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी योगिनी मॅडम शाळेत आल्या. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मी हात पुसले. सांत्वन करायला आल्या असतील, नाहीतर सही घ्यायला, असं मला वाटलं.

"मी मागं बसले होते," त्या म्हणाल्या. "तुमचे ओठ हलत होते."

"वंदनेला हलतात. सवय आहे."

"वंदनेला नव्हे. नंतर. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, तुमच्या ओठांवर उपमा आला, मग ते म्हणाले उपमा. तुम्ही बोललात, ताई. आवाज नव्हता, पण बोललात."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कारण मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. आणि त्याच वेळी माझ्या ओठांना आठवत होतं. त्यांवर तो आकार होता. मग घरातलं सगळं भराभर दिसायला लागलं. लावा की. पाणी अंगावर घ्या की. आता ताट. आता घास. दिवसभर मी त्यांच्या शेजारी पुटपुटत असते, पहाटे म्हणते ते पाली आणि नंतरचं हे, एकाच आवाजात, आणि मला वाटायचं मी बोलतच नाही. रोज चौथ्या शीलाला आवाज खाली आणणारी मी. मी त्यांना बरं दाखवत आले होते, सासूबाईंना, शेजाऱ्यांना, आणि काल तीन डॉक्टरांना, दाढी वाढवून नेण्यापेक्षा मोठं खोटं.

पण संशय असा लगेच जात नाही. "तुम्हाला एवढं काय पडलंय?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला असं विचारलं असेन. "मार्चअखेर आहे म्हणून?"

त्या म्हणाल्या, "हो. तेही आहे. केंद्राला तीन खाती पैसे देतात आणि तिघांनाही वाटतं बाकीच्या दोघांनी द्यावेत. जागा रिकामी दिसली की पुढच्या वर्षी कापतात. मला ती भरायची आहे. तुमच्याकडून लपवून काय करू? पण उगाच कुणालाही भरायची नाहीये."

हे ऐकून मला बरं वाटलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर माझा त्यांच्यावर पुन्हा कधी विश्वास बसला नसता. त्या पुढं म्हणाल्या, घरी येऊन पाहिलेलं बोर्डापुढं पुन्हा ठेवता येतं. "मी उद्या सकाळी येते. काही ठरवायचं नाही, काही शिकवायचं नाही. फक्त तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. ओठसुद्धा नाही. काहीही झालं तरी. कबूल?"

"काही म्हणजे?"

"मी आहे ना तिथं. पण तुम्ही तिथं नाहीच, असं समजायचं."

मी कबूल म्हटलं. मग उरलेला दिवसभर वाटत राहिलं, हेही एक बोर्डच आहे, आणि या वेळी तपासणी माझी आहे.

त्या आल्या तेव्हा पिंकी कॉलेजला निघत होती. "ऑल द बेस्ट, पप्पा," म्हणाली, आणि माझ्या कानाशी, "मम्मी, टेप लावू का तोंडाला?" धम्मानंदांनी पाहुण्यांना खुर्ची दिली, पंखा लावला, पुण्याचं हवामान विचारलं. मी पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसले. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. "चहा घेणार ना मॅडम? अगं, दूध आहे का?" माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. घरात दूध नव्हतं. मी उत्तर देत नाही हे त्यांना कळेना. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, जसा माणूस फोन लागायची वाट बघतो. मग स्वतःच जाऊन पातेलं उघडून बघून आले. इतकं ते कधी स्वतः करत नव्हते.

"दूध संपलंय. मी घेऊन येतो. तुम्ही जायचं नाही हं, मॅडम."

"नाही जात. पण नक्की याल ना?"

"शब्द देतो," धम्मानंद म्हणाले. "कंट्रोलरनं सांगितलेली गाडी चुकत नाही."

त्यांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. योगिनी मॅडम उठून गॅलरीत गेल्या, पर्स खांद्याला लावली. त्या अंतर ठेवून मागं जाणार होत्या, हे मला समजलं. मीही कठड्याशी गेले. डावीकडं दूधवाल्याचं दुकान, चार घरं सोडून. उजवीकडं मोठा रस्ता, तिथं बस थांबते आणि कुठलीही बस थांबली की यांचे पाय आपोआप चढतात. आणि मला एकदम स्वतःचीच भीती वाटली. हे डावीकडं वळून दूध घेऊन सुखरूप आले, तर ती जागा गेली. उजवीकडं गेले, तर मिळेल. जीव तोंडाशी येऊन मी काहीतरी मागत होते, आणि ते नेमकं काय मागत होते हे मला ठाऊक नव्हतं. माझ्यावर घ्यावा इतका संशय त्या क्षणी दुसऱ्या कुणावरच घ्यायला नको होता.

खाली फाटक वाजलं. धम्मानंद रस्त्यावर आले. स्कूटरवाल्याला वाट देण्यासाठी बाजूला झाले, त्याला हात केला. मग खिशातून पिशवी काढून तिची घडी उलगडली, पुन्हा घातली, काखेत धरली, आणि दिलेला शब्द पाळायला निघालेल्या माणसासारखे, घाई न करता, उजवीकडं चालू लागले.